आदिलाबादच्या ओढ्यांतील गाळ काय सांगतो?

पैनगंगा आणि गोदावरी या दोन नद्यांमधला जुना आदिलाबाद जिल्हा हा आपल्यापैकी अनेकांच्या सोयरिकींचा, शेतीवाडीचा आणि कापसाच्या व्यापाराचा प्रदेश. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा त्यातील किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्याकडे गेले; उरलेला भाग आंध्र प्रदेशात राहिला. २०१४ साली तो तेलंगणात आला आणि २०१६ साली त्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल व कुमुरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. सीमा बदलल्या, कचेऱ्या बदलल्या, कारभाराची भाषा बदलली. भूमी मात्र तीच राहिली.

या भूमीच्या पोटात काय दडले आहे, हा प्रश्न फार जुना आहे. नवीन आहे ती एकच गोष्ट. या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे एक महत्त्वाचे साधन आता सर्वांसाठी खुले झाले आहे. सरकारी खर्चाने देशभरच्या ओढ्यानाल्यांतून गाळाचे नमुने गोळा केले जात आहेत, त्यांचे रासायनिक पृथक्करण होत आहे आणि त्यांचे तक्ते व नकाशे लोकांना पाहावयास मिळत आहेत. हे तक्ते कसे वाचावयाचे, त्यांवरून खनिजाचा माग कसा काढतात, आणि मुख्य म्हणजे त्यांचा भलताच अर्थ लावला तर काय होते, हे वाचकांपुढे मांडावे असा या लेखाचा हेतू आहे.

पोलादाची कीर्ती आणि कोळशाचा शोध

खनिजशोध ही आदिलाबादला परकी विद्या नव्हे. निर्मलनजीकच्या दिमदुर्ती येथील लोहचुंबकीय खनिज आणि गोदावरीपलीकडच्या कोनासमुद्रम येथील भट्ट्या यांची कीर्ती एके काळी इराणपर्यंत पोहोचली होती. तेथील पोलादाच्या वड्या घेण्यासाठी इराणी व्यापारी येत. दमास्कसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या तलवारींना लागणारे पोलाद दक्षिण हिंदुस्थानातील अशाच भट्ट्यांतून जाई. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या सुमारास त्रिकोणमितीय सर्वेक्षणाबरोबर हिंडणारे डॉक्टर हेन्री व्हॉयसी यांनी कोनासमुद्रमची रीत पाहून लिहून ठेवली. ते टिपण त्यांच्या मृत्यूनंतर, १८३२ साली, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पेशाने शल्यचिकित्सक असलेल्या या गृहस्थांना हिंदुस्थानातील भूशास्त्राच्या आद्य अभ्यासकांत मानाचे स्थान आहे.

लोहार आणि गाळणारे कारागीर खनिज कसे ओळखीत? रंगाने, वजनाने आणि पाण्याच्या साह्याने. पावसाळा ओसरला म्हणजे ओढ्याच्या वळणावर काळी, जड वाळू साचते. हलकी माती पाण्याबरोबर निघून जाते, जड कण मागे राहतात. अशी वाळू दिसली की वरच्या अंगाला कोठेतरी तिचा उगम असलाच पाहिजे, एवढा तर्क निरक्षर माणूसही करी. भारतात अनेक ठिकाणी अशी वाळू धुऊन तिच्यापासून लोखंड गाळीत असत. आज ज्याला भूरासायनिक सर्वेक्षण म्हणतात त्याच्या मुळाशी हाच तर्क आहे. फरक इतकाच, की डोळ्यांना जे दिसत नाही तेही प्रयोगशाळेतील यंत्राला दिसते.

पुढे १८५१ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था स्थापन झाली. थिओडोर ह्यूज यांनी वर्धा खोऱ्यातील कोळशाच्या प्रदेशाचा आणि विल्यम किंग यांनी प्राणहिता-गोदावरी खोऱ्याचा अभ्यास केला. किंग यांचा प्रबंध १८८१ साली छापला गेला. सिंगरेणीच्या कोळशाची प्रथम नोंद करणारे तेच. बेल्लमपल्ली, मंदामरी या नावांनी ओळखला जाणारा कोळशाचा पट्टा त्याच खोऱ्यातला. या मंडळींजवळ हातोडी, भिंग, होकायंत्र आणि चालण्याची ताकद एवढेच भांडवल होते. जो खडक उघडा पडला असेल तेवढाच त्यांना वाचता येई. मातीखाली झाकलेले तसेच राहून जाई.

एका जिल्ह्यात चार प्रकारची भूमी

पुढचे सारे समजण्यासाठी या प्रदेशाचे खडक थोडक्यात ओळखून घ्यावयास हवेत.

पश्चिमेकडील व उटनूरकडील पठारांवर दख्खनचा काळा कातळ, म्हणजे लाव्हारसाचा थर आहे. तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. आपली कापसाची काळी जमीन त्याच्याच झिजेतून झाली. दक्षिणेस निर्मल-खानापूरकडे ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म हे फार प्राचीन खडक आहेत. त्यांचे वय अडीचशे कोटी वर्षांच्या घरात जाते. आदिलाबाद शहर, जैनद, बेला या बाजूस पैनगंगा समूहाचे चुनखडीचे व शेलचे थर आहेत. ते काळ्या कातळाहून कितीतरी जुने, पण ग्रॅनाइटहून तरुण. आणि पूर्वेस आसिफाबाद-मंचेरियालकडे कोळसा बाळगणारे गोंडवनी थर आहेत.

पैनगंगा समूहाची चुनखडी राज्याची सीमा जाणत नाही. नदीपलीकडे राजुरा-कोरपना भागात गडचांदूर, आवारपूर येथे सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले ते या चुनखडीच्याच बळावर. आदिलाबादलाही सिमेंट कॉर्पोरेशनचा कारखाना निघाला होता. तो गेल्या शतकाच्या अखेरीस बंद पडला. याच थरांमध्ये चांदा, गोटकूर, गुडा या आदिलाबादनजीकच्या गावांच्या परिसरात मँगनीजचे खनिज सापडते. गेल्या शतकात तेथे खाणकाम झाले. जादवपूर विद्यापीठाचे सुप्रिय रॉय आणि त्यांचे सहकारी यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला. त्यात आढळणारे टोडोरोकाइट हे खनिज आजच्या महासागरांच्या तळाशी पडलेल्या मँगनीजच्या गोट्यांतही असते. म्हणजे कापसाच्या शेतांखाली एका पुरातन समुद्राचा तळ आहे!

गाळाचा नमुना

आता मूळ विषयाकडे वळू. पावसाचे पाणी खडक झिजवते, माती वाहून नेते आणि ओढ्यात आणून टाकते. म्हणून ओढ्याच्या पात्रातला मूठभर गाळ हा त्याच्या वरच्या अंगाच्या सगळ्या शिवाराचा आपोआप झालेला नमुना होय. ज्याप्रमाणे भाताची परीक्षा शितावरून होते, त्याप्रमाणे शिवाराची परीक्षा गाळावरून करता येते.

या शतकाच्या प्रारंभापासून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूरासायनिक मानचित्रण हा कार्यक्रम हाती घेतला. पन्नास हजारांस एक या प्रमाणाचा एक नकाशा घ्यावयाचा. त्यात सुमारे ७०० चौरस किलोमीटर प्रदेश येतो. जुन्या पद्धतीच्या क्रमांकाने सांगावयाचे तर आदिलाबाद शहर ‘५६ आय/१०’ या नकाशात पडते. या नकाशावर एकेक किलोमीटरचे चौकोन आखतात. प्रत्येक चौकोनातील लहान ओढ्यांतून गाळ घेतात, तो वाळवून बारीक चाळणीने चाळतात आणि शेजारच्या चार चौकोनांचा गाळ एकत्र करून दोन किलोमीटर बाजूच्या चौकोनाचा एक नमुना तयार करतात. एका नकाशात असे सुमारे पावणेदोनशे नमुने होतात. प्रत्येक नमुन्यात साठांहून अधिक मूलद्रव्यांचे प्रमाण मोजले जाते: लोह, मँगनीज, टायटॅनियम, तांबे, जस्त, शिसे, निकेल, कोबाल्ट, फ्लोरीन, युरेनियम, सोने, आणि शाळेच्या पुस्तकात ज्यांची नावेही नसतात अशी दुर्मिळ मृदाधातूंची कितीतरी.

हे प्रमाण मोजण्याचे माप फार सूक्ष्म असते. तांबे-जस्तासारख्या धातूंसाठी दहा लाख भागांत किती भाग, असे ते सांगतात. घरगुती भाषेत याचा अर्थ, एक टन गाळात किती ग्रॅम. सोन्यासाठी हे मापही जाड ठरते. तेथे एक हजार टनांत किती ग्रॅम असा हिशेब धरावा लागतो.

पूर्वी हे आकडे अहवालांच्या बाडांत राहत आणि त्या बाडांपर्यंत पोहोचणे सामान्य माणसाला शक्य नसे. आता सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ या संगणकीय भांडारात आणि डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडारात नोंदणी करून ते पाहता येतात. मोठ्या कंपनीचा तज्ज्ञ आणि आदिलाबादच्या महाविद्यालयातील विद्यार्थी, दोघांसमोर तोच तक्ता येतो. पण तक्ता समोर येणे आणि तो वाचता येणे यांत अंतर आहे.

आकडा मोठा म्हणजे खनिज नव्हे

समजा, एका चौकोनात तांब्याचे प्रमाण टनामागे १५० ग्रॅम आले आणि दुसऱ्यात ६० ग्रॅम. नवखा माणूस पहिल्याकडे धावेल. पण पहिला चौकोन काळ्या कातळाच्या पठारावर असेल तर त्यात नवल काही नाही. दख्खनच्या कातळात मुळातच टनाला शंभर ते दोनशे ग्रॅम तांबे असते. निकेल, व्हॅनेडियम, टायटॅनियम हेही भरपूर असतात. ते दगडाच्या कणाकणात विखुरलेले आहे, एके ठिकाणी साठलेले नाही. दुसरा चौकोन जर निर्मलकडच्या ग्रॅनाइटवर असेल, तर मात्र थांबून पाहावयास हवे. कारण ग्रॅनाइटमध्ये सामान्यतः टनाला दहा-वीस ग्रॅमच तांबे असते. तेथे ६० हा आकडा काहीतरी सांगू पाहत आहे. (हे दोन्ही आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.)

म्हणून या विद्येचा पहिला नियम असा, की प्रत्येक आकडा त्याच्या स्वतःच्या भूमीच्या मापाने मोजावयाचा. आधी भूशास्त्रीय नकाशा घेऊन नमुन्यांची खडकवार विभागणी करावयाची आणि मग प्रत्येक गटात नेहमीचे काय व वेगळे काय ते पाहावयाचे. नेहमीचे ठरवताना सरासरीवर विसंबून भागत नाही. गावात एक सावकार असला की गावाची सरासरी कमाई फुगते, पण त्यामुळे मजुराच्या घरी दाणे वाढत नाहीत. तसेच एखाद्या प्रचंड आकड्याने सरासरी बिघडते. म्हणून सारे आकडे चढत्या क्रमाने लावून मधला आकडा हेच माप धरतात आणि त्याच्या किती वर कोण आहे ते पाहतात.

दुसरा नियम पाण्याचा. गाळ जेथे सापडला तेथला तो नसतो. कडेम नदीचेच पाहा. ती पठारावर उगम पावते आणि ग्रॅनाइटच्या प्रदेशातून गोदावरीकडे जाते. तिच्या खालच्या भागातील गाळात तांबे जास्त निघाले तर ते शेजारच्या ग्रॅनाइटचे नसून वरच्या काळ्या कातळाचे असण्याचा संभव मोठा. म्हणून नकाशावर त्या ओढ्याचे पाणलोट क्षेत्र आखून, आकडा वरच्या अंगाला कोठपर्यंत चढत जातो आणि कोठे एकाएकी उतरतो, हे शोधावे लागते. जेथे तो उतरतो त्याच्या अलीकडेच उगमाची जागा असते.

तिसरा नियम मँगनीजचा, आणि आदिलाबादला तो विशेष लागू आहे. मँगनीज व लोह यांची काळी-तांबडी पुटे पाण्यात विरघळलेले कोबाल्ट, निकेल, जस्त असे धातू स्पंजासारखी शोषून घेतात. त्यामुळे मँगनीजच्या परिसरातील ओढ्यांत कोबाल्टचा आकडा चढलेला दिसला तरी तेथे कोबाल्टची खाण आहे असे नव्हे. कोबाल्टचे नाव आज विजेरीच्या उद्योगामुळे फार मोठे झाले आहे, म्हणून हा इशारा अगत्याचा. मँगनीज वाढते तेव्हा कोबाल्टही त्याच प्रमाणात वाढते काय, हे आधी पाहावे. दोघे हातात हात घालून चालत असतील तर तो केवळ मँगनीजचा परिणाम. मँगनीज बेताचे असूनही कोबाल्ट वाढले असेल, तरच ती खूण विचारात घ्यावी.

चौथा नियम माणसाच्या करणीचा. फळबागेवर फवारलेले मोरचूद तांब्याचेच असते. फॉस्फेट खतांतून फ्लोरीन, कॅडमियम आणि थोडे युरेनियमही शेतात जाते. शहराच्या गटारात जस्त आणि शिसे असते. जुन्या भट्टीचे लोहकीट ओढ्यात पडले असेल तर लोहाचा आकडा भलताच वाढेल. अशा वेळी तज्ज्ञ कोरड्या अंगाने नकाशा पाहतो, आणि गावकरी मात्र एका वाक्यात सांगू शकतो की त्या नाल्याच्या काठी पूर्वी लोहारांची वस्ती होती. भूमीची ही माहिती कोणत्याही तक्त्यात नसते.

या चारही कसोट्यांतून एखादा चौकोन उतरला तरी हाती लागते ती केवळ खूण. खाण चालवण्याजोग्या तांब्याच्या खनिजात टनाला पाच ते दहा किलोग्रॅम तांबे असावे लागते. गाळातले साठ किंवा दीडशे ग्रॅम हा त्याचा वास फक्त. त्यानंतर भूशास्त्रज्ञांनी त्या शिवारात पायी जाऊन मातीचे दाट नमुने घ्यावयाचे, खडक फोडून पाहावयाचा, चर खणावयाचे, आणि शेवटी छिद्रे पाडून खोलीचा अंदाज घ्यावयाचा. शेकडो खुणांपैकी एखादीच खाणीपर्यंत पोहोचते. आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना येथे प्राचीन खडकांत तांब्याच्या खनिजाची नोंद झाली आहे. पण अशा नोंदीपासून खाणीपर्यंतची वाट किती लांब असते, हे त्या भागातील लोकांना सांगावयास नको.

जगाचा अनुभव

मग असे नकाशे करण्यात सरकारी पैसा का घालावा? या प्रश्नाचे उत्तर इतर देशांच्या अनुभवात सापडते.

चीनने १९७० च्या दशकाच्या अखेरीस शिए श्युएजिंग या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने देशभर ओढ्यांच्या गाळाचे सर्वेक्षण सुरू केले. ३९ मूलद्रव्ये मोजली, साठ लाखांहून अधिक चौरस किलोमीटर प्रदेश पायाखाली घातला, आणि त्यांतून शेकडो नवी खनिजस्थाने, विशेषतः सोन्याची, उजेडात आली. उत्तर आयर्लंडमध्ये २००४ ते २००७ या काळात ‘टेलस’ नावाचे माती, पाणी व आकाशातून केलेल्या मापनांचे सर्वेक्षण झाले. त्याचे आकडे प्रसिद्ध होताच खनिजशोधाचे परवाने मागणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. शोधाचा पहिला, सर्वांत अनिश्चित टप्पा सरकारने आपल्या अंगावर घेतला की पुढचा खर्च करावयास इतर पुढे येतात, हा त्याचा धडा.

परंतु सर्वांत बोधप्रद कहाणी इंग्लंडची आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील प्राध्यापक जॉन वेब यांनी १९६९ साली विद्यार्थ्यांच्या मदतीने इंग्लंड व वेल्समधील ओढ्यांतून सुमारे ५० हजार नमुने गोळा केले. त्यांचा नकाशासंग्रह १९७८ साली प्रसिद्ध झाला. मूळ विद्या खनिजशोधाची. पण त्या नकाशांत मॉलिब्डेनम या धातूचे मोठे पट्टे दिसले आणि त्यांवरून एक निराळाच उलगडा होऊ लागला. चाऱ्यात मॉलिब्डेनम जास्त गेले की गुरांच्या अंगी तांबे लागत नाही. ती खंगतात, वाढत नाहीत. जेथे कोणाला शंकाही नव्हती अशा भागांतील गुरांची ही उणीव नकाशाने दाखवून दिली. धातू शोधण्यासाठी शिकलेली विद्या गोठ्यात उपयोगी पडली!

हे उदाहरण आपल्याला दूरचे वाटू नये. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा परिसरात विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यातील फ्लोराइडने कित्येक गावांतील मुलांचे दात पिवळे पडले, वडीलधाऱ्यांची हाडे धरली. पिण्याच्या पाण्यात दर लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे आणि दीड मिलिग्रॅमच्या पुढे ते मुळीच जाऊ नये, असे भारतीय मानक आहे. गाळातला फ्लोरीनचा आकडा म्हणजे विहिरीतला आकडा नव्हे. पण कोणत्या शिवारातील पाणी आधी तपासावे, हे तो सुचवू शकतो. खनिजाच्या तक्त्यातील हा एक स्तंभ एखाद्या गावाला तांब्याच्या सगळ्या खाणीहून मोलाचा वाटेल.

माहिती सर्वांची, भूमी कोणाची?

येथवर विद्येची गोष्ट झाली. आता हक्काची.

आकडे वाचावयास कोणाची परवानगी लागत नाही. पण खाणी व खनिजे यांसंबंधीच्या १९५७ च्या कायद्यानुसार परवान्यावाचून खनिजाचा शोध घेणे वा उत्खनन करणे निषिद्ध आहे. २०१५ पासून खाणपट्टे लिलावाने दिले जातात. २०२१ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन, लिलावात भाग घेऊ इच्छिणाऱ्यांना उपलब्ध माहितीच्या आधारे एखादे क्षेत्र लिलावासाठी सुचवण्याची मुभा मिळाली. २०२३ च्या दुरुस्तीने तांबे, सोने, कोबाल्ट, लिथियम अशा २९ खनिजांसाठी शोधाचा स्वतंत्र परवाना आला. याचा अर्थ असा, की खुल्या तक्त्यातील एखाद्या चौकोनावर दूरच्या शहरात बसलेल्या माणसाने बोट ठेवले, तर त्या चौकोनातील गावाचे भवितव्य ढवळून निघू शकते.

आणि हा चौकोन आदिलाबादचा असेल तर तो बहुधा गोंड, कोलाम, परधान यांच्या वस्तीचा असेल. उटनूरचा डोंगरी प्रदेश हा घटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्र आहे. जल, जंगल आणि जमीन यांसाठी येथेच कुमुरम भीम यांनी निजामाच्या कारभाराविरुद्ध लढा दिला आणि १९४० साली जोडेघाट येथे ते धारातीर्थी पडले. जमिनीच्या प्रश्नाची ही स्मृती या डोंगरांत अद्याप जिवंत आहे.

या प्रदेशाला कायद्याचे संरक्षणही आहे. विशाखापट्टणम जिल्ह्यातील खाणपट्ट्यांविषयीच्या ‘समता’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ जुलै १९९७ रोजी निर्णय दिला, की अनुसूचित क्षेत्रातील जमीन, मग ती सरकारी का असेना, आदिवासी नसलेल्या व्यक्तींना किंवा खाजगी कंपन्यांना खाणीसाठी भाडेपट्ट्याने देता येणार नाही. तो निर्णय तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील जमीन हस्तांतरण विनियमावर आधारलेला होता आणि आदिलाबादचा आदिवासी भागही त्याच विनियमाखाली होता. त्याच्या आदल्या वर्षी, १९९६ मध्ये, अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा पेसा कायदा संमत झाला होता. गौण खनिजांच्या पट्ट्यांना ग्रामसभेची वा पंचायतीची शिफारस लागते ती त्याच्यामुळे.

हक्क कागदावर असणे वेगळे आणि ते बजावता येणे वेगळे. ज्या ग्रामसभेपुढे नकाशा मांडला जातो, तेथे तो वाचणारा एक तरी माणूस गावचा असला पाहिजे. नाहीतर दोन्ही बाजूंनी फसगत होते. एखादा दलाल येतो, ‘तुमच्या शिवारात सोने आहे, सरकारच्या नकाशात दिसते,’ असे सांगतो आणि जमिनीचे इसार-करार करून मोकळा होतो. नकाशात मात्र दिसत असतो तो हजार टनांत चार-पाच ग्रॅमांचा एक आकडा. किंवा याच्या उलट, खरोखरीच विचार करण्याजोगी खूण असते आणि गावाला ती कळते लिलावाची जाहिरात निघाल्यावर. दोन्ही प्रसंगी गावाचे नुकसान होते ते न वाचल्यामुळे.

आपण काय करू शकतो?

आपल्या मंडळींच्या घरांत आज शिकलेली मुले-मुली आहेत. कोणी भूगोलाचे शिक्षक आहेत, कोणी रसायनशास्त्राचे पदवीधर, कोणी संगणकाच्या कामात. शिवाय आपल्याजवळ एक गोष्ट आहे जी बाहेरच्या तज्ज्ञाजवळ क्वचितच असते. आपण या प्रदेशात मराठीही बोलतो आणि तेलुगूही. शेतावरील गोंडी माणसाशी आपले पिढ्यान्‌पिढ्यांचे बोलणे-चालणे आहे. कोणता ओढा पूर्वी कोठून वाहत होता, कोणत्या विहिरीचे पाणी मचूळ, कोणत्या टेकाडावर लोहकीट सापडते, कोणत्या शिवारात गुरे धरत नाहीत, हे आजोबा-आजींना ठाऊक आहे. या आठवणी आणि सर्वेक्षणाचे तक्ते एकमेकांशेजारी ठेवले, तर त्या तक्त्यांना बोलते करता येईल.

आरंभ लहानसा करता येईल. आपल्या गावाचा नकाशा घ्यावा, त्यावर खडकांची विभागणी पाहावी, मग फ्लोरीन, मँगनीज आणि तांबे ही तीनच मूलद्रव्ये निवडून त्यांचे आकडे चौकोनांत मांडावेत. जेथे वेगळेपण दिसेल तेथील जुन्या माणसांना विचारावे. जेथे फ्लोरीन चढलेले असेल तेथील विहिरीचे पाणी सरकारी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. माध्यमिक शाळेतील वरच्या वर्गाला एका सुट्टीत झेपेल एवढेच हे काम आहे. त्यातून उद्या तांब्याची खाण निघेल असे मुळीच नाही. पण ग्रामसभेत कोणी रंगीत नकाशा पसरून बोलू लागला, तर ‘हा नमुना कोणत्या खडकावरचा? वरच्या अंगाला काय आहे? मँगनीज किती?’ असे तीन प्रश्न विचारणारे कोणीतरी तेथे असेल.

पैनगंगेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या तीरावर खडक एकच आहे, पाणी एकच आहे, आणि नातीगोतीही एकच आहेत. राज्ये दोन झाली म्हणून गाळाचा चौकोन मध्येच तुटत नाही. किनवटच्या भाच्याने आणि आदिलाबादच्या मामाने तो नकाशा एकत्र बसून वाचावा, यापेक्षा या खुल्या झालेल्या माहितीचा चांगला उपयोग दुसरा कोणता असेल?